सोंगाला विचारायचे दोन प्रश्न



दिवाळी झाली, भाऊबीज आटोपली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात, हे आपल्याला सांगायला नको. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार भरतो, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घर भरलेले असते. रात्र झाली की कुठे दंडार, कुठे खडी गंमत, कुठे नाटक. झाडीपट्टीतला माणूस घोंगडी पांघरून उजाडेपर्यंत थंडीत बसेल, पण खेळ अर्धा सोडून उठणार नाही. याच झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना ती आपल्याच घरी आल्यासारखी वाटली असेल.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना आमच्या गावच्या दंडारीत मला राजाचे सोंग मिळाले होते. सोनेरी कागदाचा मुकुट, लाकडी तलवार, काजळाच्या मिशा. थाटात आत गेलो आणि उभा राहिलो. बोलायचे काय? दंडारीत प्रसंग ठरलेला असतो, गाणी ठरलेली असतात; पण मधले बोलणे बरेचसे त्या वेळी सुचेल तसे असते. मला काहीच सुचेना. समोर सारे गाव. पाय लटपटायला लागले.

ढोलकीशेजारी आमचे म्हातारे गुरू बसले होते. ते जागेवरूनच, जणू खेळाचाच भाग आहे अशा आवाजात म्हणाले, "राजा, तुले पायजे काय?"

मी घाबरून खरे तेच बोललो. "झोप पायजे जी."

माणसे हसली. गुरूंनी पुन्हा विचारले, "झोप काहून येत नाही राजाले? कोन रुसलं तुझ्यावर?"

माझ्या तोंडून निघून गेले, "पोरगी. चार दिवस झाले, बोलत नाही माझ्यासंगं."

संपले! पुढे अर्धा तास मला एकदाही अडावे लागले नाही. राजकन्या का रुसली, प्रधान कोणाच्या बाजूचा, राणी कोणाला पाठीशी घालते, सगळे आपोआप येत गेले. मुकुटाने मी राजा झालो नव्हतो, तलवारीनेही नव्हतो. त्या दोन प्रश्नांनी झालो. तुला काय पाहिजे? आणि ते कोणापाशी अडले आहे?

आज मला बोलायचे आहे ते या दोन प्रश्नांविषयी, आणि त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या एका खेळाविषयी. हा खेळ शाळेत एका तासात खेळता येतो. त्याला रंगमंच लागत नाही, कपडे लागत नाहीत. गोल करून बसले की झाले. मी त्याला बैठे सोंग म्हणतो.

खेळ मुळात माझा नव्हे. काही वर्षांपूर्वी नागपूरला शिकणारा माझा भाचा दिवाळीला आला, तो पिशवीत रंगीबेरंगी फासे घेऊन. एकाला तर वीस बाजू! मी म्हटले, "हा कोणता जुगार रे?" तो म्हणाला, "जुगार नाही मामा, गोष्टीचा खेळ आहे." आणि त्याने मला समजावून सांगितले.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण गोष्ट पुढे नेणारा. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. गोष्ट नेणारा सांगतो, "तुमच्यासमोर बंद दार आहे. काय करता?" प्रत्येक जण आपल्या पात्राच्या तोंडाने बोलतो, आणि जे जमेल की नाही याची शंका असेल ते फाशावर ठरते. जिंकणे-हरणे असे काही नसते. गोष्ट होते, एवढेच.

पात्र तयार करण्याचे नियम सुरुवातीला सगळे अंगच्या गुणांचे होते. बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर छाप पाडण्याची शक्ती, असे सहा गुण. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे आणि ३ पासून १८ पर्यंत जो आकडा येईल तो लिहून ठेवायचा. म्हणजे पात्राला काय येते हे कळे. पण त्याला काय हवे आहे, त्याचे कोण आहे, हे कागदावर कुठेच नसे. मुकुट आणि तलवार होती, पण न बोलणारी पोरगी नव्हती.

खेळणाऱ्यांना ही उणीव हळूहळू जाणवली असावी, कारण पुढे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे नियम काढले. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ सालच्या 'पेंड्रॅगन' या खेळात दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी अशा गुणांच्या तेरा जोड्या आहेत. जोडीतल्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी वीस. म्हणजे दया वाढली की क्रौर्य तेवढेच उतरते. शिवाय कुटुंबावरचे प्रेम, धन्यावरची निष्ठा, कोणाविषयीचा द्वेष यांनाही तिथे आकडे आहेत, आणि ते पात्राला ओढून नेतात. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या २००९ सालच्या 'फियास्को'त तर पात्राच्या आधी नाते ठरते. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या मधोमध त्यांचे नाते लिहून ठेवतात, आणि त्यातून पात्रे निघतात. रॉबिन लॉज यांच्या २०१३ सालच्या 'हिलफोक'मध्ये प्रत्येकाने सांगायचे, मला तुझ्याकडून काय हवे; आणि दुसऱ्याने सांगायचे, ते तुला का मिळत नाही. ज्याला नकार मिळेल त्याच्या हाती भरपाई म्हणून एक सोंगटी येते. आणि १९७४ च्या त्या मूळ खेळाच्याही २०१४ सालच्या नव्या आवृत्तीत पात्राच्या कागदावर स्वभाव, ध्येय, बांधिलकी आणि खोट असे रकाने आले.

भाचा हे सांगत होता आणि मला आमचे म्हातारे गुरू दिसत होते. म्हटले, अरे, हे तर ढोलकीशेजारी बसून आमच्या गुरूंनी मला विचारलेलेच!

मग आम्ही शाळेत आमचे नियम केले. मुलांनी मोडले, पुन्हा केले. आता जे उरले आहेत ते सांगतो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी टिपून घ्यावेत. नियम सहाच आहेत.

पहिला नियम हवेपणाचा. प्रत्येक सोंगाला एकच गोष्ट हवी असावी, आणि ती डोळ्यांना दिसणारी असावी. मुले आधी लिहितात, "त्याला सुख पाहिजे," "त्याला मोठे व्हायचे आहे." यावर खेळ होत नाही. सुख कोणाच्या दाराशी जाऊन मागणार? "त्याला पोळ्याच्या आत बैलजोडी पाहिजे," असे लिहिले की खेळ सुरू झाला. आणि त्याच्यापुढे एक शब्द लिहायला लावावा, कशासाठी? बैलजोडी वापरायला पाहिजे की शेजाऱ्याला दाखवायला, यात माणूस पालटतो.

दुसरा नियम असा, की हवी असलेली गोष्ट समोर बसलेल्या कोणाच्या तरी हातात असावी. जी वस्तू रानात जाऊन एकट्याने तोडून आणता येते, तिच्यासाठी कोणाशी बोलावे लागत नाही, आणि बोलावे लागले नाही तर सोंग मुके राहते.

तिसरा नियम नात्याचा. प्रत्येकाचे उजव्या हाताच्या शेजाऱ्याशी एक नाते आणि डाव्या हाताच्या शेजाऱ्याशी एक नाते. ही नाती दोघांनी मिळून ठरवायची. एकट्याने ठरवलेले नाते धरायचे नाही. आणि नात्याचे नाव सांगून भागत नाही. मामा-भाचा म्हटले तर जगात मामा-भाचे पुष्कळ आहेत. त्या दोघांमध्ये पूर्वी घडलेली एक गोष्ट सांगावी लागते. मामाने भाच्याला एकदा जत्रेत हरवले होते, की भाच्याने मामाचे एक गुपित राखले आहे? ती गोष्ट नात्याला गाठ मारते.

चौथा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यापाशी मागणे अडले आहे, त्याने आपल्या नकाराचे कारण सांगायचे. आणि ते कारण असे असावे की ऐकणाऱ्याला म्हणावे लागेल, मी त्याच्या जागी असतो तर मलाही हे वाटले असते. "मी वाईट आहे म्हणून देत नाही," हे कारण चालत नाही. मुलांना याचा फार राग येतो. त्यांना खलनायक हवा असतो. मग मी त्यांना कैकेयीची आठवण देतो. कैकेयी दुष्ट होती असे म्हणून मोकळे झालो तर रामायणाचा तो भाग दोन ओळींत संपतो. पण तिला काय हवे होते? मुलाला राज्य. कोणापाशी अडले होते? नवऱ्यापाशी. आणि नवऱ्याच्या नकारामागे कोण उभा? तिनेही ज्याला पोटच्या पोरासारखे वाढवले तो राम. तिच्यापाशी काय होते? जुन्या उपकाराचे दोन वर. कानाशी कोण होते? माहेराहून सोबत आलेली मंथरा. आणि जिच्यासाठी हे सारे, त्या मुलाला, भरताला, राज्य हवे की नको हे तिने विचारलेच नव्हते! एवढी नाती मांडली की माणसे अजून हजारो वर्षे ती गोष्ट ऐकतील.

पाचवा नियम मर्यादेचा. हवी ती गोष्ट मिळवण्यासाठीसुद्धा आपले सोंग काय करणार नाही, ते एक वाक्य लिहून ठेवायचे. खोटी शपथ घेणार नाही. बहिणीकडे पैसे मागणार नाही. रात्री जाणार नाही. हे वाक्य नसेल तर सगळी सोंगे दहा मिनिटांत चोर होतात, हा अनुभव आहे.

सहावा नियम आधी नव्हता. तो माझ्या चुकीतून आला, म्हणून ती चूक सांगतो.

पहिल्या वर्षी मला वाटले, मुलांचा वेळ वाचवू. मी घरीच चिठ्ठ्या तयार केल्या. यात एक सावकार, एक कर्जात बुडालेला शेतकरी, एक पाटील, असे. वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. कर्जात बुडालेला शेतकरी एका मुलाच्या वाट्याला आला. त्याने चिठ्ठी वाचली, नीट घडी केली, खिशात ठेवली आणि तासभर एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा कळले, की त्याचे वडील त्याच कारणाने गाव सोडून परमुलखात कामाला गेले होते. आईने मला पाणी आणून दिले. काही बोलली नाही. मीही काही बोलू शकलो नाही.

मुलगा चार दिवसांनी आला. मी त्याला म्हटले, "माझी चूक झाली बापू. तुला कोणते सोंग पाहिजे ते तूच लिही." त्याने बराच विचार केला आणि लिहिले, "घोडेवाला. त्याले कचारगडच्या जत्रेत जायचं आहे." पुढे 'कशासाठी' या शब्दापाशी त्याने लिहिले, "पाहासाठी." म्हणजे नुसते पाहण्यासाठी! मी पुढे काही विचारले नाही. सालेकसा तालुक्यातल्या त्या जत्रेला त्याचा घोडा त्या दिवशी वर्गात बसून जाऊन आला.

म्हणून सहावा नियम हा. सोंग मुलाने स्वतः निवडायचे, शिक्षकाने वाटायचे नाही. गावातल्या कोणा माणसाचे नाव घ्यायचे नाही, खरे भांडण आणायचे नाही. आणि खेळताना कोणालाही जड वाटले तर त्याने जमिनीवर तळहात टेकवून "थांबा" म्हणायचे. थांबा म्हटले की थांबायचे. का म्हणून विचारायचे नाही. गोष्ट दुसऱ्या वाटेने न्यायची.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, नियम ऐकले. खेळ होतो कसा ते सांगा. आमच्या सातवीच्या वर्गात झालेला एक खेळ सांगतो.

विषय मुलांनीच काढला, गावतळे. आपल्या जिल्ह्यात लहान-मोठी जुनी तळी किती आहेत ते आपण जाणता. नवेगाव बांध आहे, बोदलकसा, चोरखमारा आहेत; आणि गावोगावचे ते माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात. मालगुजारी १९५१ साली गेली, तळी सरकारकडे आली, पण पाण्याचे भांडण तिथल्या तिथेच राहिले. मुलांनी ठरवले, श्रावण आहे, पंधरा दिवस पाऊस नाही, रोवणी अर्धी झाली आहे आणि तळ्यात पाणी बेताचे आहे.

पाच जण गोल बसले. पहिला झाला तुडुमाजवळचा शेतकरी. जे पाणी सुटेल ते आधी त्याच्या बांधीत. त्याला चार दिवसांत रोवणी उरकायची, कारण रोवणीच्या बाया पुढे दुसऱ्या गावाला कबूल झालेल्या. दुसरी झाली शेवटच्या बांधीची विधवा बाई. तिचे पऱ्हे जून व्हायला लागले. आणखी आठ दिवस गेले तर लावून उपयोग नाही. तिसरा झाला ढिवर. त्याने उधारीवर मत्स्यबीज आणून तळ्यात सोडले आहे. तळे रिकामे झाले तर मासोळी कशात वाढेल? चौथी झाली सरपंचबाई. पोळ्याला तिच्या मुलीच्या सासरची माणसे येणार, तोपर्यंत गावात भांडण व्हायला नको. आणि पाचवा झाला तुडूम उघडणारा म्हातारा. त्याला एवढेच पाहिजे, की आपल्यामागे हे काम आपल्या मुलाला मिळावे.

पाहा, यात वाईट माणूस कोण? कोणीच नाही. आणि पाणी एकच.

मग नाती ठरली. शेतकरी आणि विधवा बाई, दीर-भावजय. गोष्ट अशी, की तिचा नवरा गेला त्या वर्षी दिराने न बोलावता येऊन तिचे धान कापून दिले होते, आणि ती मजुरी तिने अजून दिलेली नाही, त्याने मागितलेली नाही. बाई आणि सरपंचबाई, एका वर्गातल्या मैत्रिणी. सरपंचबाई आणि ढिवर, देणेकरी आणि घेणेकरी. ढिवर आणि म्हातारा, रोज तळ्याच्या पाळीवर बसून बिडी ओढणारे.

उरले म्हातारा आणि शेतकरी. आता योग असा, की ही सोंगे घेणारी दोन मुले ज्या दोन घरांतली होती, त्या घरांचे धुऱ्यावरून कित्येक वर्षे बोलणे नाही. मला हे ठाऊक होते. ती दोघे शेजारी बसली हे माझ्या उशिरा लक्षात आले. मी म्हटले, "जागा बदलता का?" दोघांनीही मान हलवली. नाही. मग दोन मिनिटे ती एकमेकांकडे न पाहता बसली. शेवटी एक म्हणाला, "मामा-भाचा?" दुसरा म्हणाला, "होऊ दे."

खेळ सुरू झाला. शेतकरी म्हाताऱ्याकडे गेला आणि म्हणाला, "मामा, आज रात्री तुडूम उघडून दे. कोनाले मालूम नाही पडनार."

चौथ्या नियमाप्रमाणे म्हाताऱ्याला कारण द्यावे लागणार होते. तेरा वर्षांचा तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझ्या बापासाठी एकदा उघडलं होतं मी रात्री. सकाळी पाह्यलं त खालची बांधी सुकली होती. त्या बाईनं मले काही म्हटलं नाही. म्हनली असती त बरं झालं असतं."

वर्ग एकदम शांत झाला. हे कुठून आले, कोणी शिकवले? कोणी नाही. त्याला कारण शोधायला लावले, आणि शोधताना त्याला ते सापडले.

शेतकऱ्याला नकार मिळाला म्हणून त्याच्या हाती एक चिंचोका आला. तो नियम आम्ही 'हिलफोक'वरून घेतला आहे. त्याने चिंचोका हातात फिरवला आणि म्हणाला, "मंग दिवसा उघडू मामा. सगळ्याईसमोर." लगेच ढिवर उठला, "आन् माझी मासोळी?" इतक्यात तास संपल्याची घंटा झाली. पाण्याचा निकाल लागला नाही. मुले दारापर्यंत भांडत गेली, किती बोटे पाणी सोडले तर मासोळी जगेल, यावर.

आता शिक्षकांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. एका गटात पाचच मुले घ्यावीत. सहा झाली की एक जण झोपतो. पाव कागद प्रत्येकाला पुरे. त्यावर चारच ओळी: काय पाहिजे, कशासाठी, काय करणार नाही, आणि दोन्ही बाजूंची नाती. पहिला तास सोंगे तयार करण्यातच जाईल, तो जाऊ द्यावा. माझे तर मत झाले आहे, की अर्धा खेळ तिथेच होतो.

फासे विकत आणू नयेत. चिंचोके फोडून त्यांच्या दोन-दोन फाका कराव्यात; एक बाजू काळी, एक पांढरी. आपल्या आज्या पट खेळताना हेच वापरीत. ज्या गोष्टी नशिबावर आहेत, म्हणजे आज पाऊस येईल का, अंधारात वाट सापडेल का, तिथे चार फाका टाकाव्यात. दोन किंवा अधिक पांढऱ्या पडल्या तर जमले. नकारातून मिळालेला चिंचोका जवळ असेल तर त्याची एक फाक जास्त टाकता येते. गणिताच्या शिक्षकांनी इथे थांबावे. काळे-पांढरे पडण्याचा संभव सारखा धरला, तर चार फाकांच्या १६ प्रकारांपैकी ११ मध्ये काम होते. पाच फाकांच्या ३२ प्रकारांपैकी २६ मध्ये होते. मुलांना हे फळ्यावर मांडून काढू द्यावे. मग खऱ्या चिंचोक्याच्या फाका शंभर वेळा टाकून, हिशेब जुळतो का ते पाहू द्यावे. जुळला नाही तर का नाही, हा दुसरा तास झाला!

पण एक गोष्ट चिंचोक्यावर कधी ठरवू नये. दुसऱ्याचे मन वळले की नाही, हे फाशावर टाकायचे नाही. ते बोलूनच वळवायचे. तिथे फासा आला की मुले बोलणे सोडून फासाच टाकत बसतात.

भाषेच्या बाबतीत एक विनंती. सोंग बोलत असताना मुलांची बोली सुधारू नये. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी या बोलीचा आणि दंडारीचा अभ्यास करून तिचे मोल दाखवून दिले आहे. पोवारी बोलणारे मूल पोवारीत बोलेल, गोंडी बोलणारे गोंडीत एखादा शब्द टाकेल. टाकू द्यावा. शुद्ध मराठीत खेळ लिहून काढण्याचे काम दुसऱ्या दिवशी निबंधाच्या तासाला करावे. एरवी जी मुले निबंधात चार ओळींच्या पुढे जात नाहीत, ती त्या दिवशी पाने मागायला येतात.

जाता जाता त्या दोन मुलांविषयी सांगायचे राहिले. त्यांच्या घरांचे बोलणे सुरू झाले का, असे आपण मनात विचारीत असाल. नाही झाले. धुरा तिथेच आहे, भांडणही आहे. एका तासाच्या खेळाने ते मिटेल असे मला कधी वाटले नाही, आणि तसे कोणी सांगितले तर आपण विश्वास ठेवू नये. पण त्यानंतर आठवड्याने त्यांतला एक मुलगा, ज्याने म्हाताऱ्याचे सोंग घेतले होते तो, शाळा सुटल्यावर माझ्यापाशी घुटमळत राहिला. मी म्हटले, "काय रे?"

तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या धुऱ्यात त्याईले काय पायजे असन जी?"

मी म्हटले, "मला कसे ठाऊक असणार?"

"मंग कोनाले विचारू?"

मी म्हटले, "ते तुला ठाऊक आहे."

तो हसला नाही. दप्तर उचलले आणि गेला. त्याने विचारले की नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. त्याच्या घरात आजवर एकच प्रश्न विचारला जात होता, की धुरा कोणी कोरला. हा दुसरा प्रश्न त्याने स्वतः होऊन आणला होता.

श्रोतेहो, पुढच्या मंडईला आपण दंडार पाहायला बसाल. एखादा पोरगा मुकुट घालून येईल आणि अडेल. त्याला हसू नका. आपल्यापैकीच कोणीतरी घोंगडीतून तोंड काढून मोठ्याने विचारा, "राजा, तुले पायजे काय?" आणि मग पाहा तो काय सांगतो.